मनाची पारख



सोन्याची पारख करावयाची झाली तर सोनार तें कसोटीच्या दगडावर घासून पाहतो; रत्नाची पारख जवाहिऱ्या नजरेनें करतो; आणि मुलाच्या विद्येची पारख आम्ही शिक्षक परीक्षेच्या गुणांनीं करतों. या तिन्ही पारखी लोकांच्या परिचयाच्या आहेत व त्यांविषयीं कोणी फारसा वाद घालीत नाहीं. परंतु मनुष्याचें मन दुसऱ्याच्या मनाशीं कसें वागतें, स्वतःचा राग त्याला आवरतो कीं नाहीं, शेजाऱ्याचें दुःख त्याच्या ध्यानांत येतें कीं नाहीं, याची पारख कोणत्या दगडावर करावी, हा प्रश्न अजून पुरतेपणीं सुटलेला नाहीं. या गुणाला हल्लीं 'भावनिक बुद्धिमत्ता' असें नांव पडलें आहे. ती मोजतां येते काय, येत असल्यास कशी, आणि मोजणारानें कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

हा प्रश्न आतां नुसता पंडितांच्या चर्चेचा राहिलेला नाहीं. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें असें सुचविलें आहे कीं, प्रगतिपुस्तकांत केवळ विषयांचे गुण न देतां मुलाची बुद्धि, भावना व शारीरिक कौशल्यें या सर्वांची नोंद असावी. आणि तींत शिक्षकांच्या मताबरोबर मुलाचें स्वतःविषयींचें व त्याच्या सोबत्यांचें मतही यावें. हेतु उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु गणिताच्या रकान्यांत चूक झाली तर उत्तरपत्रिका पुन्हा पाहून ती दुरुस्त करतां येते. मनाच्या रकान्यांत चूक झाली तर कोणती उत्तरपत्रिका काढून पाहावयाची? ही धास्ती आम्हांस कां वाटते, तें एका अनुभवावरून सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. त्या वेळीं आमच्याकडे एक वर्ग सोंपविलेला होता. वर्गांतील एका मुलाचे वडील अकस्मात् वारले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ती वार्ता वर्गांत सांगितली आणि सर्वांस दोन मिनिटें स्तब्ध उभें राहण्यास सांगितलें. वर्ग निश्चल उभा असतां मागच्या बांकावरील एक मुलगा एकाएकीं फिदिफिदि हंसूं लागला. त्यानें तोंडावर हात दाबून धरला, तरी हंसें थांबेना. आम्हांस संताप आला. आम्हीं त्याला वर्गाबाहेर उभा केला, आणि सहामाहीचें प्रगतिपुस्तक लिहितांना शेऱ्याच्या जागीं लिहिलें, "दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव नाहीं."

पुस्तक घरीं गेल्यावर त्या मुलाची आई शाळेंत आली. ती भांडली नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "मास्तर, तो घाबरला म्हणजे हंसतो. लहानपणापासून त्याला ती खोड आहे. त्याच्या आजोबांना नेलें तेव्हांही तो असाच हंसला आणि मग रात्रभर झोंपला नाहीं. तुम्हीं लिहिलें तें विचार करूनच लिहिलें असेल. पण त्या मुलाचे वडील गेल्यापासून तेरा दिवस हा रोज संध्याकाळीं त्याच्या घरीं जात होता. वर्गांत झालेला अभ्यास त्याच्या वहींत उतरून देत होता. तें तुम्हांला कोणी सांगितलें नसेल."

आम्हांस तें कोणीं सांगितलें नव्हतें हें खरें. पण आम्हींही कोणास विचारलें नव्हतें. शेरा शाईनें लिहिलेला होता.

दोन मिनिटांच्या हंसण्यावरून आम्हीं एका मनाचा निकाल लावला होता, आणि तेरा दिवसांची साक्ष आमच्यापुढें आलीच नव्हती. त्या दिवसापासून मनाची पारख शास्त्रशुद्ध रीतीनें कशी होते, याविषयीं मिळेल तें वाचण्याची आम्हांस ओढ लागली. त्या वाचनाचें सार पुढें देत आहों.

प्रथम इतिहास पाहूं. बुद्धीचें मापन पद्धतशीरपणें सुरू झालें तें फ्रान्स देशांत. इ. स. १९०५ मध्यें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं, शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांस विशेष साह्य देतां यावें म्हणून, सोप्यापासून कठीणापर्यंत प्रश्नांची एक मालिका रचली. इ. स. १९१६ मध्यें लुइस टर्मन यांनीं अमेरिकेंत तिची सुधारलेली आवृत्ति काढली. आपल्या इलाख्यांत डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं तशाच कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं बसविल्या, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ इ. स. १९४० मध्यें प्रसिद्ध झाला. परकी भाषेंतील प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांपुढें ठेवून चालत नाहींत, ही गोष्ट त्या कार्यानें आपल्याकडे स्पष्ट झाली. ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

बुद्धिमापनाची ही विद्या ऐन भरांत असतां, इ. स. १९२० मध्यें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं एक शंका काढली. बुद्धि एकाच जातीची नसून ती तीन जातींची असते, असें त्यांनीं मांडलें: एक शब्द व कल्पना हाताळणारी, दुसरी यंत्रें व वस्तु हाताळणारी, आणि तिसरी माणसांशीं शहाणपणानें वागणारी. या तिसरीला त्यांनीं सामाजिक बुद्धि म्हटलें; आणि ती खेळाच्या पटांगणावर व कारखान्यांत सहज दिसते, पण प्रयोगशाळेच्या कागदावर हातीं लागणें कठीण, असाही इशारा दिला. त्या इशाऱ्याचा प्रत्यय लवकरच आला. लौकरच या बुद्धीची एक लेखी परीक्षा अमेरिकेंत तयार होऊन पुष्कळ ठिकाणीं वापरली गेली, परंतु इ. स. १९३७ मध्यें थॉर्नडाइक यांचेच चिरंजीव रॉबर्ट व त्यांचे सहकारी स्टाइन यांनीं त्या परीक्षेचें परीक्षण करून दाखविलें कीं, ती बव्हंशीं शब्दज्ञानच मोजते. म्हणजे ज्याला भाषा चांगली येते, तो माणसें ओळखण्यांतही पहिला ठरावयाचा!

यानंतर कित्येक वर्षें हा विषय मागें पडला. इ. स. १९८३ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील हॉवर्ड गार्डनर यांनीं बुद्धीचे अनेक प्रकार सांगतांना, दुसऱ्याचें मन जाणणारी व स्वतःचें मन जाणणारी अशा दोन बुद्धि त्यांत गणल्या. इ. स. १९९० मध्यें पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं 'भावनिक बुद्धिमत्ता' या नांवाचा निबंध लिहून तिची व्याख्या केली, आणि इ. स. १९९५ मध्यें डॅनियल गोलमन यांच्या लोकप्रिय पुस्तकानें तें नांव घरोघरीं पोंचविलें.

असें असलें तरी भावनांचें वर्गीकरण ही कांहीं पश्चिमेकडूनच आलेली कल्पना आहे असें समजूं नये. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे एकूण एकूणपन्नास भाव सांगितले आहेत. घाम येणें, अंगावर रोमांच उभे राहणें, कंठ दाटणें, अश्रु येणें इत्यादि बाह्य खुणा सात्त्विक भावांत मोडतात. त्यांतही अश्रु आनंदानें येतात, क्रोधानें येतात, आणि डोळ्यांत धूर गेला तरी येतात, हा विवेक त्या ग्रंथांत आहे. एक खूण, पण कारणें अनेक! आम्हीं त्या सकाळीं वर्गांत हाच विवेक केला असता, तर तो शेरा लिहिला गेला नसता.

आतां या बुद्धीचे घटक पाहूं. सॅलोव्हे व मेयर यांच्या मांडणीप्रमाणें तिचीं चार अंगें आहेत. पहिलें अंग ओळखण्याचें: चेहऱ्यावरून, आवाजावरून, चालण्यावरून, आणि स्वतःच्या छातींतील धडधडीवरूनही, कोणती भावना उत्पन्न झाली आहे हें जाणणें. दुसरें अंग उपयोगाचें: कोणत्या मनःस्थितींत कोणतें काम चांगलें होतें हें जाणून त्याप्रमाणें वागणें. मन उल्हसित असतां निबंधाला नव्या कल्पना सुचतात. मन थोडें गंभीर असतां हिशोबांतील चुका सांपडतात. तिसरें अंग समजण्याचें: एका भावनेंतून दुसरी कशी निघते हें उमगणें. आरंभीं नुसता हिरमोड असतो. त्याची दखल कोणीं घेतली नाहीं म्हणजे रुसवा येतो. रुसवा सांचला म्हणजे चीड, आणि चीड दाबून ठेवली म्हणजे एके दिवशीं संताप. चौथें अंग नियमनाचें: भावना दडपून न टाकतां तिला योग्य वाट करून देणें, आणि दुसऱ्याचें मन ढळलें असतां त्याला सांवरणें. पहिल्या अंगावर दुसरें, त्यावर तिसरें, आणि सर्वांवर चौथें, अशी ही मजल्यामजल्यांची इमारत आहे. ज्याला स्वतःचा राग आलेला कळतच नाहीं, तो राग आवरणार कोठून?

ही बुद्धि मोजण्याच्या आजवर तीन मुख्य रीति निघाल्या आहेत.

पहिली रीत स्वतःस विचारण्याची. "माझ्या भावना मला नीट कळतात," "दुसऱ्याचें दुःख पाहून मला वाईट वाटतें," अशीं वाक्यें देऊन तीं आपणांस किती लागू पडतात हें ज्याचें त्यानें सांगावयाचें. रूव्हेन बार-ऑन यांनीं इ. स. १९९७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अशा प्रश्नावलींत १३३ वाक्यें होतीं. ही रीत स्वस्त व सोपी आहे, आणि आपल्या मनांत काय चाललें आहे हें आपल्याइतकें दुसऱ्यास ठाऊक नसतें, हा तिचा गुण आहे. परंतु तिचा दोषही उघड आहे. नम्र मुलगा स्वतःस कमी गुण देतो. बढाईखोर मुलगा भरपूर देतो. आणि कांहींना आपलें उणें कळण्यासाठीं जी दृष्टि लागते तीच नसते. इ. स. २०१४ मध्यें व्यवस्थापनाचें शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांना या परीक्षेंत सर्वांत कमी गुण पडले त्यांनींच आपली योग्यता सर्वांत अधिक फुगवून धरली होती. आणि सुधारणेचे उपाय सुचविले असतां तेच सर्वांत अनुत्सुक होते.

दुसरी रीत प्रत्यक्ष परीक्षेची. जॉन मेयर, पीटर सॅलोव्हे व डेव्हिड करूसो यांनीं इ. स. २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या परीक्षेंत १४१ प्रश्न होते. चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखवून त्यांत कोणती भावना किती आहे हें विचारावयाचें; एखादा प्रसंग सांगून त्यांत कोणतें वागणें अधिक हिताचें होईल हें विचारावयाचें; असें तिचें स्वरूप आहे. येथें बढाईला जागा नाहीं. पण मोठी अडचण निराळीच आहे. पांच गुणिले सात पस्तीस, हें उत्तर सर्व जगांत एकच. परंतु रुसलेल्या मैत्रिणीशीं आज बोलावें कीं उद्यां, याचें बरोबर उत्तर कोणीं ठरवावें? त्या परीक्षेच्या कर्त्यांनीं दोन उपाय योजले. एक तर पांच हजारांहून अधिक लोकांस ती परीक्षा देऊन, बहुतेकांचें जें उत्तर आलें त्याला अधिक गुण द्यावयाचे. किंवा भावनांचा अभ्यास करणाऱ्या एकवीस तज्ज्ञांनीं जें उत्तर दिलें त्याला द्यावयाचे. दोन्ही उपाय विचारपूर्वक केलेले आहेत. तरी बहुमत म्हणजे सत्य नव्हे, आणि जो मुलगा चारचौघांहून अधिक सूक्ष्म जाणतो त्याचें उत्तर बहुमताशीं न जुळण्याचा संभव राहतोच.

याच जातीची आणखी एक प्रसिद्ध परीक्षा इंग्लंडांत निघाली. सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २००१ मध्यें सुधारून काढलेल्या या परीक्षेंत छत्तीस छायाचित्रें असून त्यांत माणसाचे नुसते डोळे दिसतात, आणि प्रत्येकाखालीं दिलेल्या चार शब्दांतून योग्य शब्द निवडावयाचा असतो. कल्पना चतुर आहे. परंतु शब्दाचा अर्थच ठाऊक नसेल, तर डोळ्यांतील भाव ओळखूनही उत्तर चुकेल, हें वाचकांच्या लक्षांत येईलच. इ. स. १९३७ मधील आक्षेप असा पुन्हा दारांत उभा राहतो.

तिसरी रीत सोबत्यांस विचारण्याची. वर्गमित्र, शिक्षक, आईबाप यांनीं त्या मुलाविषयीं काय अनुभवलें तें विचारावयाचें. मुलगा चांगलें वागावें कसें हें जाणतो एवढेंच नव्हे, तर तसा वागतो कीं नाहीं, हें याच रीतीनें कळतें. पण येथें मैत्री, हेवा व जुना राग तराजूंत बसतात. शिवाय पाहणारानें एकच प्रसंग पाहिला असेल तर काय होतें, हें आम्हीं वर कबूल केलेंच आहे.

या रीति परस्परांशीं कितपत जुळतात? दोन मापें किती जुळतात हें सांगण्याचा शास्त्रज्ञांचा एक आंकडा असतो: संबंध मुळींच नसेल तर शून्य, आणि पूर्ण जुळलीं तर एक. इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, वर सांगितलेली बार-ऑन यांची प्रश्नावली व १४१ प्रश्नांची परीक्षा यांचा हा आंकडा सुमारें ०.२ एवढाच आला. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्याचा वर्ग करून पाहावा. ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणजे दोन्ही मापांत शंभर भागांपैकीं चारच भाग सामाईक! एकाच मुलाची उंची दोन फूटपट्ट्यांनीं मोजली आणि एकीनें त्याला उंच व दुसरीनें ठेंगणा ठरविलें, तर दोष मुलाचा कीं पट्ट्यांचा? निदान दोन्ही पट्ट्या एकच वस्तु मोजीत नाहींत, एवढें तरी कबूल केलें पाहिजे.

पालक विचारतील, "हें सारें ठीक, पण या गुणाचा अभ्यासाला कांहीं उपयोग आहे काय?" याचें उत्तर, आहे, पण माफक आहे. इ. स. २०२० मध्यें बेचाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असतां, भावनिक बुद्धिमत्ता व परीक्षेंतील यश यांचा संबंध सरासरीनें ०.२० आढळला. हा संबंध खरा आहे. ज्या मुलाला परीक्षेची भीति आवरतां येते व सोबत्यांशीं मिळून अभ्यास करतां येतो, त्याला त्याचा लाभ होतोच. परंतु कोणी जाहिरात करून सांगूं लागला कीं, बुद्धीपेक्षां व परिश्रमापेक्षां हाच गुण मोठा आणि आमच्या वर्गाला येतांच तो वाढेल, तर पालकांनीं पैशाच्या पिशवीचें तोंड जरा आवळून धरावें.

मोजमापांत घाईनें अनुमान काढल्यास काय होतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इ. स. १९६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडींत वॉल्टर मिशेल यांनीं चिमुकल्या मुलांपुढें एक गोड वडी ठेवली आणि सांगितलें कीं, आम्ही परत येईपर्यंत ही खाल्ली नाहींस तर दोन मिळतील. पुढें तीं मुलें मोठीं झाल्यावर असें दिसलें कीं, जीं अधिक वेळ थांबलीं होतीं त्यांची परीक्षेंतील प्रगति अधिक चांगली होती. झालें! वडीवरून आयुष्य ओळखतां येतें, असा बोलबाला झाला. परंतु इ. स. २०१८ मध्यें नऊशेंहून अधिक मुलांच्या माहितीवरून हा प्रश्न पुन्हा तपासण्यांत आला, तेव्हां तो संबंध पूर्वींच्या सुमारें निम्माच निघाला. आणि घरची परिस्थिति वगैरे गोष्टी हिशोबांत धरल्यावर त्याचाही सुमारें दोन तृतीयांश भाग नाहींसा झाला. विचार करा: ज्या घरीं दिलेला शब्द नेहमीं पाळला जातो व डबा नेहमीं भरलेला असतो, तेथील मुलाला थांबणें सोपें, पण ज्या घरीं उद्यांचा भरंवसा नाहीं, तेथील मुलानें हातची वडी खाल्ली तर तो संयमहीन म्हणावा कीं व्यवहारज्ञ?

हाच न्याय चालीरीतींसही लागू आहे. आपल्याकडे वडील माणूस बोलत असतां मुलानें मान खालीं घालणें हा आदर समजतात. दुसऱ्या देशांत तीच खालीं घातलेली मान अपराधाची खूण मानली जाईल. आपल्या पुष्कळ घरांत बाप मुलाला "तूं मला फार आवडतोस" असें तोंडानें कधींच म्हणत नाहीं. पण रात्रीं उशिरां पाळीवरून आल्यावर त्याच्या अंगावरचें पांघरूण सारखें करतो. परदेशीं तयार केलेली प्रश्नावली अशा बापाला किती गुण देईल बरें? डॉ. कामत यांना बुद्धीच्या प्रश्नांत जी काळजी घ्यावी लागली, ती भावनांच्या प्रश्नांत दसपट घ्यावी लागेल.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याचें मन ओळखणें हा गुण आहे खरा, पण तो सद्गुणच असतो असें नाहीं. यात्रेंतील भामटा गर्दींतून भोळा मनुष्य बरोबर हेरतो; खुशामत करणारा धन्याची मर्जी क्षणांत ओळखतो. परीक्षेंत या दोघांनाही उत्तम गुण पडतील. तेव्हां डोळस असणें निराळें आणि दयाळू असणें निराळें. पहिल्याची परीक्षा घेतां येईल; दुसरें मात्र आचरणांतच पाहावें लागतें.

मग या मापनाचा नादच सोडून द्यावा काय? आमचें मत तसें नाहीं. वैद्य नाडी पाहतो ती रोग्याला पहिला कीं दुसरा नंबर देण्यासाठीं नव्हे, तर औषध देण्यासाठीं. बिने यांनींही आपल्या कसोट्या रचल्या त्या मुलांना साह्य देण्यासाठीं. तोच हेतु ठेवून आम्ही पुढील नियम सुचवितों.

पहिला नियम, विशेषण लिहूं नये, प्रसंग लिहावा. "तापट आहे" असें न लिहितां "मंगळवारीं खेळांत बाद दिल्यावर बॅट फेंकली, दहा मिनिटांनीं स्वतः जाऊन उचलून आणली" असें लिहावें. विशेषण मुलाला चिकटून राहतें. प्रसंग मात्र होऊन जातो.

दुसरा नियम, एका प्रसंगावरून निकाल देऊं नये. वर्गांत, पटांगणावर, सहलींत, जिंकतांना व हरतांना, असें निरनिराळ्या ठिकाणीं पाहावें. आणि घरीं काय दिसतें हें आईबापांस विचारावें.

तिसरा नियम, मुलाला विचारावें. "तूं कां हंसलास?" हा तीन शब्दांचा प्रश्न आम्हीं त्या दिवशीं विचारला असता, तर पुढचें सारें टळलें असतें.

चौथा नियम, तुलना करावयाची तर ती मुलाची त्याच्याच मागल्या वर्षाशीं करावी. शेजारच्या मुलाशीं करूं नये.

पांचवा नियम, मनाविषयींची नोंद शक्यतों पेन्सिलीनें करावी. याचा अर्थ शब्दशः घ्या किंवा लाक्षणिक घ्या. दोन्ही अर्थीं तो आम्हांस मान्य आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आपली परीक्षा आपणच घ्यावयाची असेल, तर त्यासाठीं परदेशी प्रश्नावलीची गरज नाहीं. रोज निजण्यापूर्वीं स्वतःस चार प्रश्न विचारा. आज मला कोणकोणत्या भावना आल्या, आणि त्यांचीं खरीं नांवें काय? आज घरांतील किंवा वर्गांतील कोणाच्या चेहऱ्यांत मला कांहीं निराळें दिसलें काय, आणि मीं त्याला विचारलें काय? राग आला तेव्हां बोलण्यापूर्वीं मीं किती वेळ थांबलों? आणि ज्याचें मन मीं दुखविलें, त्याच्याकडे मीं परत गेलों काय? पहिल्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. आपली मराठी भाषा या बाबतींत श्रीमंत आहे. राग, चीड, त्रागा, वैताग, संताप हे शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. तसेंच खंत, हुरहुर, उदासी व हळहळ हींही निरनिराळीं आहेत. "मला कसेंसेंच होतें" एवढें म्हणून न थांबतां नेमका शब्द शोधा. भावनेला शब्द दिला म्हणजे तिचा जोर कांहींसा ओसरतो, असें इ. स. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मेंदूच्या हालचाली तपासतांना आढळून आलें आहे. शब्दकोशाचा असाही एक उपयोग आहे, हें भाषेच्या तासाला कंटाळणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पालकांसही एक विनंति आहे. निकालाच्या दिवशीं मुलाला "किती गुण मिळाले?" असें अवश्य विचारा, पण एखाद्या दिवशीं "आज वर्गांत कोण दुःखी होतें?" असेंही विचारून पाहा. उत्तर येईल न येईल. परंतु असा प्रश्न आपल्या घरीं विचारला जातो, ही गोष्ट मूल विसरणार नाहीं.

शेवटीं त्या शेऱ्याविषयीं. त्या मुलाच्या आईपुढेंच आम्हीं तो खोडला, आणि खालीं आमची सही करून लिहिलें, "वरील शेरा चुकीचा होता, शिक्षकाची पाहणी अपुरी होती." आई कांहीं बोलली नाहीं, तिनें पुस्तक पदराखालीं घेतलें व ती घरीं गेली. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा वर्गांत आला आणि आमच्याकडे पाहून हंसला. तें हंसें भीतीचें कीं आनंदाचें, हें आम्हांस लगेच ओळखतां आलें नाहीं. म्हणून मधल्या सुटींत आम्हीं त्याला जवळ बोलावलें, आणि या वेळीं विचारलें.